रोल-टॉप डेस्क कुणी बनवलं आणि कुठून आलं, कसं शोधायचं?

लिहितावाचता:
मंडळी, जरा मदत पाहिजे. एका ओळखीच्या वकिलांचं जुनं ऑफिस आवरायला गेलो होतो आणि येताना टेम्पोत एक डेस्क घालून आणलं, घरचे अजून माझ्याशी नीट बोलत नाहीयेत. रोल-टॉप डेस्क म्हणतात ना ते, दुकानाच्या शटरसारखा लाकडी पट्ट्यांचा पडदा वरून ओढला की टेबलावरचा सगळा पसारा गायब. रुंदी बरोब्बर ५ फूट. बाजूनं बघितलं तर पडद्याची रेषा इंग्रजी एस अक्षरासारखी वळत जाते. लाकूड मला ओक वाटतंय, त्यावर वाघाच्या अंगावर असतात तसे चमकदार पट्टे आहेत, कोन बदलला की चमक सरकते. आत कप्पेच कप्पे. खाली पाय घालायची मोकळी जागा आणि तिच्या दोन्ही बाजूंना खणांची थप्पी, चार चार.

आता मुद्द्याचं. पडद्याच्या कुलपावर बारीक अक्षरं आहेत, भिंग लावून वाचली: कॉर्बिन कॅबिनेट लॉक कंपनी, न्यू ब्रिटन. त्याखाली पेटंट, मे ३, आणि साल १८९ च्या पुढे झिजलंय. ज्यांनी दिलं ते म्हणाले हे १८५० सालचं इंग्लंडचं डेस्क आहे. मला वाटतंय कॉर्बिन ही ब्रिटनमधली फर्निचरची कंपनी असणार, पण मग १८५० आणि १८९-काहीतरी हे जुळत नाही. नेटवर कॉर्बिन डेस्क म्हणून शोधलं तर नुसती कुलपंच दिसतात.

अजून एक त्रास म्हणजे उजवीकडचे चारही खण उघडत नाहीत. किल्लीचं भोक एकाही खणाला नाही, तरी हलत नाहीत. पहार घालायच्या विचारात आहे, कुणाला दुसरं काही सुचत असेल तर आज संध्याकाळच्या आत सांगा.

किल्लीवाला:
पहार खाली ठेवा आधी!! खणांचं कुणीतरी सुतारकाम कळणारा सांगेल, मी कुलपाचं बोलतो.

न्यू ब्रिटनच्या पुढे अजून चार इंग्रजी अक्षरं आहेत का बघा, "कॉन" अशी? नक्की असतील. न्यू ब्रिटन हे ब्रिटनमधलं गाव नाही, अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातलं शहर आहे, आणि कॉर्बिन ही तिथली कुलपं करणारी कंपनी. त्या काळात अमेरिकेतल्या फर्निचरची निम्मीशिम्मी कुलपं त्या एका राज्यातून निघत असतील असं वाटावं इतके कुलूपवाले तिथे होते, न्यू ब्रिटनला कॉर्बिन, टेरीव्हिलला ईगल लॉक, स्टॅमफर्डला येल. डेस्क बनवणारे कारखाने कुलपं त्यांच्याकडून पेट्याच्या पेट्या विकत घ्यायचे. म्हणजे कॉर्बिननं तुमचं डेस्क केलं असं म्हणणं म्हणजे टायरवरचं नाव वाचून गाडी कुणाची ते सांगण्यासारखं आहे. हां, काही मोठ्या डेस्क कंपन्या कुलूपवाल्याकडून कुलपावर स्वतःचं नाव छापून घ्यायच्या, तसं असतं तर तुमचं काम पाच मिनिटांत झालं असतं. तुमच्यावर नाही, सोडून द्या.

पण तारीख मात्र सोन्यासारखी आहे. अमेरिकन पेटंट मंगळवारीच निघतात, आजही, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून हे असंच चालू आहे. म्हणजे ३ मे ला मंगळवार असला पाहिजे. मी बसून कॅलेंडर मोजलं, १८९० ते १८९९ या दहा वर्षांत ३ मे मंगळवारी फक्त दोनदा येतो, १८९२ ला आणि १८९८ ला. आता तुमचा झिजलेला आकडा २ आहे का ८ आहे एवढंच बघायचं. खाली सपाट रेघ असेल तर २, गोल असेल तर ८. त्यासाठी पितळ घासू नका, ब्रासो बिलकुल नको, जी काय अक्षरं उरलीत तीही जातील. खोलीत अंधार करा, टॉर्च पितळेला जवळजवळ टेकवून एका बाजूनं आडवा मारा आणि मोबाईलनं फोटो काढत टॉर्च गोल फिरवत जा. एखाद्या कोनात आकडा उठून दिसतो.

आणि एक लक्षात ठेवा, पेटंटची तारीख म्हणजे डेस्कचा जन्म नाही. पेटंट तेव्हा १७ वर्षं चालायचं आणि कंपन्या तोच ठसा वर्षानुवर्षं मारत राहायच्या. १८९२ निघालं तर त्याचा अर्थ इतकाच की कुलूप त्याच्या आधीचं असू शकत नाही. १८५० चा निकाल लागला मात्र. 😄

वाळवी:
म्हणजे वकिलांनीच तारखेत घोळ केला, पुढची तारीख घ्या.

रंधा_मारा:
एवढं कशाला शोधत बसताय. सरळ सगळं सुटं करा, सँडर मारा, दोन हात मेलामाईन पॉलिश मारा, नवंकोरं दिसेल. माझ्याकडे असंच जुनं टेबल होतं, आता कुणाला सांगितलं तरी खरं वाटत नाही जुनं आहे म्हणून.

वाळवी:
@रंधा_मारा, आमच्या जमातीनं इतक्या वर्षांत त्या डेस्कचं केलं नाही तेवढं नुकसान तुम्ही एका दुपारी कराल.

सुतारपक्षी:
रंधा_मारा यांचं ऐकू नका प्लीज. पेन्सिलीच्या खुणा, करवतीच्या रेषा, जुन्या लाखेचा थर, सगळा पुरावा त्या वरच्या पाव मिलिमीटरमध्येच असतो, सँडर त्यालाच खातो.

आधी अडकलेले खण. तुमच्या डेस्कला बहुतेक सगळे खण एकदम बंद करणारी यंत्रणा आहे. पडदा पूर्ण खाली आला की एक छोटा खटका दाबला जातो, खणांच्या मागे उभे दांडे असतात ते त्या खटक्यानं सरकतात आणि थप्पीतले सगळे खण अडकतात. म्हणून तर खणांना किल्लीचं भोक नाही, एका कुलपात सगळं. पडदा वर केला की दांडा परत जागेवर यायला पाहिजे, तुमचा उजवीकडचा गंजून किंवा धुळीनं वरच राहिलाय. पहार घातली असतीत तर खणाचं तोंड हातात आलं असतं आणि खण तिथेच. आता असं करा, या डेस्कांचा वरचा भाग बहुधा खालच्या दोन खणांच्या पेट्यांवर नुसता ठेवून काही स्क्रूंनी धरलेला असतो, नाहीतर ते दारातून आत गेलंच नसतं. स्क्रू काढा, दोन माणसं घ्या, वरचा भाग उचलून बाजूला ठेवा, उजव्या पेटीत वरून दांडा दिसेल. हातानं हलकेच खाली दाबा. नाहीच हलला तर सांध्यावर दोन थेंब मशीन ऑइल आणि रात्रभर सबुरी.

खण बाहेर आले की खरी गंमत. दर्शनी भागावर कारखानदार सजावट करतो, खणाच्या मागे त्याला कोण बघतंय, तिथे तो जसा आहे तसा सापडतो. तुम्ही हे बघा आणि फोटो टाका.

खणाची बाजू आणि तोंड जिथे जुळतात तो सांधा कसा आहे? कबुतराच्या शेपटीसारखे तिरपे दात, म्हणजे डव्हटेल, असतील तर ते सगळे एकाच मापाचे आहेत का कमीजास्त? एकसारखे म्हणजे मशीनचे, कमीजास्त आणि बाजूला आखणीची रेघ म्हणजे हाताचे. पण मला मनातून वाटतंय की तुमच्याकडे तिसराच प्रकार निघेल, ओळीनं अर्धचंद्र आणि प्रत्येकाच्या मधोमध एक गोल खुंटी. बघितल्यावर वाटतं कुणीतरी खेळ म्हणून केलंय. याला नॅप सांधा म्हणतात, विस्कॉन्सिन राज्यातल्या वॉटर्लूच्या चार्ल्स नॅपनं १८६७ मध्ये याचं पेटंट घेतलं, साधारण १८७१ च्या पुढे कारखान्यांमध्ये ती मशीन चालायला लागली आणि १९०० च्या आसपास हा सांधा मागे पडला. मशीन वाईट होती म्हणून नाही हं. लोकांना परत जुन्या हातकामासारखे दिसणारे दात हवेसे वाटायला लागले आणि तोवर तसे दात पाडणारी मशीनही आली. तारीख लावायला याच्यासारखा सोबती नाही, सुरुवात आणि शेवट दोन्ही माहीत आहेत.

मग खणाच्या बाजू आणि तळ कोणत्या लाकडाचे ते बघा. तोंडाला ओक असतो पण आतला माल कारखान्याच्या आसपास जे स्वस्त मिळतं त्याचा असतो, म्हणून गाव शोधायला आतलं लाकूड जास्त खरं बोलतं. हिरवट झाक असलेलं फिकट, बिनगाठीचं लाकूड दिसलं तर ट्यूलिप पॉप्लर असू शकतं, ते पूर्वेकडच्या उत्तर अमेरिकेतलं झाड आहे.

तुम्ही म्हणताय ते वाघाचे पट्टे म्हणजे ओंडका उभा चार भागांत चिरून मग फळ्या काढलेला ओक. असा चिरला की गाभ्यापासून सालीकडे जाणारे किरण, म्हणजे पेशींचे पातळ पट्टे, फळीच्या दर्शनी बाजूवर लांबीनं उघडे पडतात आणि चमकतात. माल जास्त वाया जातो पण फळी कमी वाकते. १८९० ते १९१५ च्या दरम्यान याचं वेड होतं, तेव्हा तुमच्या तारखेशी जमतंय. एस आकाराचा पडदाही साधारण नंतरचा, आधीची बरीचशी डेस्कं पाव वर्तुळासारखी साधी गोल असायची. पण नुसत्या आकारावर शपथ घेऊ नका, दोन्ही प्रकार शेजारी शेजारी विकले जात होते.

स्क्रूही बघा. सरळ एका खाचेचे असले तर छान. अधिकचं चिन्ह असलेले फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकातले, तसे सापडले तर तो भाग कधीतरी कुणीतरी उघडलाय किंवा डेस्कच नकली आहे. १९७०-८० च्या दशकांत अशा डेस्कांच्या भरपूर नकला निघाल्या, दिसतातही बऱ्या. त्यांच्यात खणाचा तळ प्लायचा, मागे भुश्याचा बोर्ड, स्टेपलच्या पिना असं काहीबाही असतं. तुमच्या वर्णनावरून तसं वाटत नाही तरी खात्री करून घ्या.

किल्लीवाला:
सुतारपक्षी यांनी सगळं सांगितलं, एकच जोडतो. कुलूप मूळचंच आहे का तेही बघा हो. कुलूप बदललेलं असेल तर माझं सगळं कॅलेंडर पाण्यात. स्क्रू काढून कुलूप बाहेर घ्या, खाली लाकडात जी खोबण आहे ती कुलपाला घट्ट बसते का? जास्तीची भोकं, भुश्यानं बुजवलेली भोकं, जुन्या मोठ्या कुलपाची काळपट सावली, असलं काही दिसतंय का? आणि स्क्रू काढताना पेचकसाचं तोंड खाचेत बरोबर बसेल असंच घ्या, एकदा खाच घसरली की शंभर वर्षांच्या स्क्रूवर तुमची सही कायमची.

लिहितावाचता:
अरे बापरे, तुम्ही लोक कुठे होतात इतके दिवस. काल रात्री मेहुण्याला बोलावून वरचा भाग उचलला (जड आहे, जाम जड आहे, मेहुणाही आता बोलत नाहीये). आता एकेक सांगतो.

"कॉन" आहे!! धुळीत बुजलं होतं. म्हणजे इंग्लंड गेलं. टॉर्च आडवा मारून चाळीसेक फोटो काढले, त्यातल्या दोनांत आकड्याच्या तळाला सपाट रेघ स्पष्ट दिसतेय, ती उजवीकडे किंचित वर वळते. २ आहे. १८९२. कुलूप काढलं, खोबण त्याच्याच मापाची, एकही जास्तीचं भोक नाही.

उजवीकडचा दांडा वरच अडकला होता, दोन थेंब तेल आणि सकाळी बोटानं दाबला तर खट्ट करून खाली. चारही खण लोण्यासारखे बाहेर आले. पहारीच्या विचाराची आता लाज वाटते.

आणि सुतारपक्षी, तुम्ही जादूगार आहात का? अर्धचंद्र आणि मधे गोल खुंटी, डिट्टो, सगळ्या खणांना. फक्त एका खणाला नाही, डावीकडचा सगळ्यात खालचा खोल खण आहे त्याला साधे तिरपे दात आहेत आणि आतलं लाकूडही वेगळं दिसतंय, बाकीच्यांचं हिरवट, याचं पिवळट. बाकी प्रत्येक खणाच्या मागच्या बाजूला निळ्या खडूनं एकच चार आकडी नंबर लिहिलाय, त्या एका खणावर नाही.

आता सगळ्यात मोठी गोष्ट. उजव्या पेटीत, खणांच्या मागे, पाठीच्या फळीला आतून चिकटलेला एक कागद आहे. अर्ध्याहून जास्त फाटलाय, किड्यांनी खाल्लाय (@वाळवी, तुम्हीच का?). वरच्या ओळीत छापील अक्षरांत "डेस्क कं." एवढं शिल्लक आहे, त्याच्या आधीचं गेलं. दुसऱ्या ओळीच्या शेवटी एल, ओ, मग स्वल्पविराम आणि एन. वाय. त्याच्याखाली शाईनं हातानं काहीतरी लिहिलंय ते अजिबात लागत नाही. एन. वाय. म्हणजे न्यू यॉर्क राज्य ना? एल ओ नं संपणारं गाव कुठलं?

वाळवी:
तो काळ माझ्या पणजोबांचा. त्यांच्या वतीनं माफी मागतो, कागदाची चव चांगली होती म्हणायचे.

जुनी_वही:
मी एरवी नुसती वाचत असते इथे, पण एल ओ, एन. वाय. वाचलं आणि राहवलं नाही. बफेलो!

आता हे ऐका. रोल-टॉप डेस्कचा इतिहास वाचायला घेतला की बफेलो पहिल्याच पानावर येतं, कारण तिथल्या अॅब्नर कटलरनं १८८२ मध्ये या डेस्कचं अमेरिकन पेटंट घेतलं आणि त्याची कटलर डेस्क कंपनी तिथलीच. म्हणजे कल्पना काही त्याची नव्हे, झाकण गोल सरकवून टेबल बंद करायची युक्ती फ्रान्समध्ये शंभर वर्षं आधी होती, पंधराव्या लुईसाठी ओबेन या कारागिरानं १७६० मध्ये असं एक टेबल करायला घेतलं, तो मध्येच वारला आणि रीझनेरनं ते १७६९ मध्ये पूर्ण केलं, व्हर्सायला आहे ते. पण कटलरसारख्यांनी ही वस्तू राजाच्या दालनातून काढून कारकुनाच्या खुर्चीसमोर आणली, कारखान्यात, ठरलेल्या मापात, हजारोंनी.

तर उड्या मारायच्या आधी तीन गोष्टी मनात धरा.

पहिली, हा कागद कुणाचा आहे. असे कागद तीन प्रकारचे असतात, बनवणाऱ्याचा, विकणाऱ्या दुकानाचा आणि रेल्वेनं पाठवताना लावलेला. तिसऱ्या प्रकारात सगळ्यांची फसगत होते, कारण त्यावर माल जिथे जायचा तिथला पत्ता असतो आणि आपण तो जिथून आला तिथला समजतो. पण तुमच्यावर गाव छापील आहे आणि खाली हस्ताक्षर आहे. पाठवणारा स्वतःचं नाव छापून घेतो, घेणाऱ्याचं दर वेळी वेगळं म्हणून हातानं लिहितो. तेव्हा बफेलो हे पाठवणाऱ्याचं गाव, हे मला बऱ्यापैकी पटतं. आणि पाठवणाऱ्याच्या नावात "डेस्क कं." आहे, म्हणजे सगळं विकणारं फर्निचरचं दुकान नसावं.

दुसरी, बफेलो म्हणजे कटलर असं लगेच लिहून टाकू नका. कटलर प्रसिद्ध म्हणून प्रत्येक अनाथ रोल-टॉप त्याच्या दाराशी नेऊन ठेवतात लोक. तेव्हा ही डेस्कं करणारे पुष्कळ होते, बॉस्टनला डर्बी, ग्रँड रॅपिड्सला गन, सिनसिनाटीला ग्लोब, आणि एकेका शहरात लहानमोठे इतरही असायचे. त्या काळातल्या बफेलोच्या सिटी डिरेक्टरी, म्हणजे दरवर्षी निघणारी नावपत्त्यांची जाडजूड पुस्तकं, स्कॅन केलेली मिळतात. १८९२ ते १९०० पर्यंतची उघडा, मागच्या बाजूला धंद्यांप्रमाणे यादी असते, तिथे डेस्क बनवणाऱ्यांमध्ये कोण कोण आहे ते लिहून काढा. एकच नाव निघालं तर तुम्ही जिंकलात, चार निघाली तर पुढचं काम सुरू.

तिसरी म्हणजे खरं काम, कॅटलॉग. या कंपन्या चित्रांसकट कॅटलॉग छापायच्या आणि त्यातले बरेच इंटरनेट अर्काइव्हवर फुकट वाचायला आहेत. स्मिथसोनियनच्या ग्रंथालयात आणि डेलावेअरच्या हॅगली ग्रंथालयात व्यापारी कॅटलॉगांचे मोठे संग्रह आहेत, तिथल्या लोकांना ईमेल केली तर उत्तर देतात, मला एकदा पानाचा फोटोसुद्धा आला होता. पण शोधायचं काय ते नीट ठरवा. नुसतं एस पडदा आणि ओक बघत बसलात तर सगळी डेस्कं सारखीच दिसतील, त्या काळातही लोक असंच म्हणत असणार. आतल्या कप्प्यांची मांडणी बघा. किती उभे, किती आडवे, मधे छोटे दार आहे का, टोकाला पेन ठेवायचा गोल कोपरा आहे का, कप्प्यांच्या कमानी कशा कापल्यात. ही मांडणी म्हणजे त्या डेस्कची बोटांची खूण. मग बाजूच्या फळ्या, मधे उठाव आहे का सपाट. मग खणाच्या मुठी, लाकडात कोरलेल्या का पितळी. हे सगळं एका कागदावर चितारून ठेवा आणि चित्राशी एकेक ताडून बघा.

आणि तो निळ्या खडूतला नंबर! तो बहुधा जुळणीचा नंबर आहे. कारखान्यात एकाच मापाची शंभर डेस्कं एकदम चालायची, खण घासून एका पेटीत बसवला की तो दुसरीकडे जाऊ नये म्हणून दोन्हीकडे नंबर. मॉडेलचा नंबर वेगळा असतो. तरी कॅटलॉगात तो आकडा दिसला तर सोडू नका.

सुतारपक्षी:
वहीबाई, तुम्ही नुसत्या वाचत का बसता हो, लिहीत जा की.

त्या डावीकडच्या खालच्या खणाचं मला सांगायचंय. तो नंतर केलेला आहे, सरळ आहे. सांधा वेगळा, लाकूड वेगळं, नंबर नाही. खोल खण सगळ्यात आधी मोडतो, लोक त्यात वह्यांचे गठ्ठे भरतात आणि तळ खाली येतो. वाईट वाटून घेऊ नका, उलट त्यानं बाकीच्यांची साक्ष पक्की केली, कारण सात खण एका सुरात बोलतायत आणि एकच परका. तो टाकून देऊ नका आणि जुन्यासारखा दिसावा म्हणून रंगवूही नका.

लाखेबद्दल कुणी विचारलं नाही तरी सांगतो. मागच्या कोपऱ्यात, जिथे कुणी बघणार नाही तिथे, कापसाच्या बोळ्यावर थोडं स्पिरिट घेऊन टेकवा. चिकट झालं तर लाख पॉलिश, म्हणजे बहुधा जुना थर. स्पिरिटनं काहीच झालं नाही आणि थिनरनं सुटलं तर लॅकर, ती १९२० च्या दशकानंतरची, म्हणजे मधे कधीतरी परत पॉलिश झालंय. यूव्ही टॉर्च असेल तर अजून सोपं, लाख नारिंगी चमकते, हातही लावायला नको.

किल्लीवाला:
बफेलो ऐकून मला एक खोड काढावीशी वाटली होती, की न्यू यॉर्क राज्यात वॉटर्लूसुद्धा आहे, पण त्याच्या शेवटी ओ ओ येतात. तो एल नक्की एलच आहे ना? फाटक्या कागदावर गोल अक्षराची डावी बाजूच उरली तर तीही उभ्या काठीसारखी दिसते. वकिलांचं डेस्क आहे, उलटतपासणी झालीच पाहिजे.

पेटंटचंही राहिलं होतं. आता साल नक्की झालंय तर गुगल पेटंट्सवर ३ मे १८९२ ही तारीख टाकून कुलूप शब्द शोधा. १८९२ च्या पेटंटांचे नंबर ४,६६,३१५ पासून सुरू होतात. त्या मंगळवारची यादी काही शे नावांची असेल, त्यातली कुलपं अगदी थोडी. चित्रात तुमच्या कुलपासारखा खटका दिसला की झालं. त्यानं डेस्कवाला कळणार नाही, पण कुलूप कसं उघडायचं ते कळेल, पुढच्या वेळी अडकलं तर मेहुण्याला बोलवायला नको.

लिहितावाचता:
एल नक्की एल आहे, खालची आडवी रेघ पूर्ण दिसते, फोटो टाकलाय बघा. यूव्ही टॉर्च मुलाच्या खेळण्यात निघाला, पाठीमागचा भाग नारिंगी चमकतोय, पुढचा मात्र नाही, म्हणजे पुढून कुणीतरी केव्हातरी हात फिरवलाय. रंधा_मारा यांचे आजोबा असावेत.

डिरेक्टरी उघडली. पहिलं पुस्तक वाचायला दोन रात्री गेल्या, अक्षर मुंगीएवढं आणि जाहिरातीच इतक्या मनोरंजक की काम बाजूलाच राहतं, कॉर्सेट, केसांची औषधं, शवपेट्या करणारे. कटलर आहेतच. पण वहीबाई म्हणाल्या तसं, डेस्क आणि ऑफिस फर्निचरखाली ते एकटे नाहीत, अजून नावं आहेत. त्यामुळे मी अजून काहीच लिहून टाकलेलं नाही. घरी मात्र कटलर म्हणून सांगून टाकलंय, त्याशिवाय डेस्क हॉलमध्ये राहिलं नसतं.

कप्प्यांचं चित्र काढलं. मधे एक छोटं दार, दोन्हीकडे ६-६ उभे कप्पे, वर आडवी रांग, कमानी आहेत पण त्यांचा मधला टोकदार भाग दोन ठिकाणी तुटलाय. एका कॅटलॉगात जवळपास असंच चित्र सापडलं, काळजाचा ठोका चुकला एकदम, पण त्यात दाराच्या दोन्हीकडे ५-५ च कप्पे आहेत आणि बाजूच्या फळ्या सपाट, माझ्या उठावाच्या. एक कप्पा जास्त असलेलं मोठ्या मापाचं भावंड असू शकतं का? चित्राखाली ४ फूट ६ इंच लिहिलंय आणि माझं ५ फूट आहे.

जुनी_वही:
असू शकतं! एकच मांडणी वेगवेगळ्या रुंदीत करायचे, रुंदी वाढली की कप्पे वाढायचे. ६ इंच जास्त आणि दोन कप्पे जास्त, म्हणजे एका कप्प्याला ३ इंच. तुमच्या एका उभ्या कप्प्याची रुंदी मोजा, मधल्या फळीसकट. ३ च्या आसपास आली तर हिशोब जमतो. पण उठावाच्या फळ्या ही वरच्या दर्जाची खूण असायची, त्याच कॅटलॉगात पुढे महागडी मालिका असेल, तिथे बघा, आणि आधीच्या-नंतरच्या वर्षांचे कॅटलॉगही बघा. आणि तो कॅटलॉग कुणाचा आहे ते सांगितलंच नाहीत की हो.

लिहितावाचता:
मोजलं. मधल्या फळीसकट ३ इंचाला एक सूत कमी.

कॅटलॉगाचं मुखपृष्ठ आणि पहिली काही पानं फाटलेली आहेत, स्कॅन करणाऱ्यानं "डेस्क कॅटलॉग, नाव नाही" असं लिहून टाकलंय. हसू नका. ३१ व्या पानावर एका कोपऱ्यात बारीक अक्षरात बफेलोतल्या एका रस्त्याचं नाव आणि घर नंबर आहे, त्या पत्त्यावर कोण होतं ते बघायला आता परत डिरेक्टरीत शिरतोय. जेवायला हाका येतायत, नंतर बोलतो.

वाळवी:
ती पहिली पानं मी खाल्लेली नाहीत, आधीच सांगून ठेवतो.